खाणीतल्या बागेचं खालचं फाटक

रत्नागिरीहून परतले तेव्हा शेजारच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आंबे कुठायत?" फेब्रुवारीत तिथे आंबा नसतो, नुसता मोहोर असतो, असं सांगितल्यावर त्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "बरं, बघितलं काय काय?" मी म्हटलं, "एक बाग बघितली." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. इतक्या लांब जाऊन, समुद्राच्या गावी जाऊन, कोणी बाग बघतं का? समुद्रही पाहिला, पण तोही त्या बागेतूनच. ही हकिगत त्यांना नीट सांगता आली नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी परभणीची. नोकरी सगळी पुण्यात, एका इस्पितळात नर्स म्हणून झाली. तिथे सुमन जाधव माझ्याबरोबर एकाच वॉर्डात होती. निवृत्त झाल्यावर मी परभणीला परतले आणि ती रत्नागिरीला, वडिलांच्या घरी. दरवर्षी फोनवर ती बोलवायची आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. या वर्षी मी पिशवी भरली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, गुडघा हा असा, आणि तू कोकणात चढउतार करणार?" मी म्हटलं, "गुडघा पुढच्या वर्षी आणखी बिघडेल. म्हणून आत्ताच जाते."

वाडीत

सुमनचं घर खाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी आहे. जांभ्या दगडाचे लालभडक चिरे, वर कौलं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, त्याला इथे खळं म्हणतात. आमच्याकडे घराला घर चिकटलेलं असतं, शेजारणीची फोडणी आपल्या स्वयंपाकघरात शिंकवते. इथे प्रत्येक घर आपापल्या झाडांत बसलेलं, मध्ये दगडावर दगड रचलेले बुटके गडगे. पण गडगा असा की त्याच्यावरून हळद, मीठ, बातम्या, सगळं इकडून तिकडे जातं.

पहिल्याच दुपारी मी प्रताप केला. सुमन ओल्या काजूची उसळ करणार होती. काजूगर सोलायला बसली तेव्हा तिनं हाताला तेल चोळलं आणि राख लावली. मी म्हटलं, एवढे काय लाड, आणि तशीच सोलायला बसले. सालातला चीक बोटांना लागला. अर्ध्या तासात बोटांची टोकं अशी पेटली की पाण्यात बुडवून बसायची वेळ आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाजण्यावर मलम लावणाऱ्या दोन बाया, एक दुसरीच्या बोटांना खोबरेल लावतेय आणि दोघी हसतायत. उसळ मात्र अशी झाली होती की बोटं भाजल्याचा राग राहिला नाही. सोबत तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जो जोर लागतो तो इथे लागत नाही. तांदळाची भाकरी तोंडात गेली की स्वतःच विरघळते.

ऊन उतरल्यावर सुमन म्हणाली, "चल, बाग दाखवते."

घरामागून दगडी पायऱ्यांची वाट थेट टेकडीवर चढते. तिला इथे पाखाडी म्हणतात. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. गुडघा सांभाळत मी थोडं चढले आणि वर बघितलं, तर पाखाडीच्या डोक्यावर लोखंडी फाटक. दोन्ही झडपांना मिळून साखळी आणि साखळीला भलंमोठं कुलूप. बाजूला पाटी, 'हा मार्ग बंद आहे. वरील मुख्य प्रवेशद्वाराचा वापर करावा.'

"बाग कुठाय?" मी विचारलं.

"ही काय, समोर." फाटकाच्या गजांमधून झाडं दिसत होती. "आता रस्त्यानं फिरून जावं लागतं. गेल्या महिन्यात लावलंय कुलूप." इतकं बोलून ती फाटकाकडे पाठ करून पायरीवर बसली. सुमनला मी वॉर्डात रागावलेली पाहिली आहे. ती रागावली की गप्प होते, आणि तिचं गप्प राहणं डॉक्टरही ओळखायचे.

वरच्या फाटकातून

दुसऱ्या दिवशी रस्त्यानं गेलो. रस्ता टेकडीला वळसा घालून चढतो. मधल्या वळणावर एका बाजूला कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि चालायला वीतभरही जागा नाही. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. त्या वळणावर सुमननं माझा दंड धरला. "इथेच रेहानाला स्कूटरवाल्यानं उडवलं," ती म्हणाली. रेहाना सोलकर तिची शेजारीण. वरच्या पेठेत तिचं शिवणाचं दुकान आहे. पूर्वी ती पाखाडीनं बागेतून सरळ वर जायची. कुलूप लागल्यावर या वळणावरून जायला लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात उजवं मनगट मोडून बसली. शिंपिणीचं उजवं मनगट.

वरच्या फाटकावर कमान आहे, 'क्षितिज उद्यान'. खाली संगमरवरी पाटी, तिच्यावर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं. वाडीत मात्र या बागेला कोणी क्षितिज म्हणत नाही. सगळे म्हणतात, खाणीतली बाग.

आणि ती आहेच खाणीत. आत गेल्यावर मी थबकले. आमच्याकडच्या बागा सपाट, चौकोनी, मध्ये कारंजं आणि कारंज्यात पाणी नाही. ही बाग टेकडीच्या पोटातून टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. प्रत्येक टप्प्याची मागची भिंत म्हणजे उभा कापलेला लाल जांभा आणि त्यावर टिकावाच्या घावांच्या तिरक्या रेघा, विणीसारख्या. त्या भिंतींच्या तळाशी बकुळी, सुरंगी, रातांबे, काजू. सगळ्यात खालच्या टप्प्यावर एक प्रचंड पिंपळ, आणि त्याच्या पलीकडे एकदम खाडी, खाडीपलीकडे समुद्र. मावळतीचं ऊन भिंतींवर पडलं की जांभा आतून पेटल्यासारखा दिसतो.

पिंपळाखालच्या बाकावर बसून सुमननं मला बागेची गोष्ट सांगितली.

"माझे बाबा इथे चिरे काढायचे. ह्या रेघा त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या हातच्या. वरच्या पेठेतली कितीतरी जुनी घरं ह्याच खाणीची आहेत. मग खाली मऊ माती लागली, चिरा मिळेना. मालकानं खाण सोडून दिली. पावसात तळं व्हायचं, शेरडं पडून मरायची. उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ."

"मग बाग कुणी केली?"

"आम्ही." तिनं वर पिंपळाकडे बघितलं. "धर्मांतरानंतर वाडीच्या लोकांना एक पिंपळ लावायचा होता. जागा देईना कोणी. बाबा म्हणाले, खाणीत लावू, खाण कोणाला नको आहे. पण कातळावर झाड कसं लागणार? मग माझ्या आईनं शेताच्या बांधावरची माती पाटीतून आणली. तिचं बघून मासेवाल्या मंदाच्या आजीनं आणली, ती भंडाऱ्यांच्या आळीतली. रेहानाच्या सासूच्या माणसांनी मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी दिलं, दर उन्हाळ्यात. बायका मासे विकायला वर जायच्या ना, जाताना एक कळशी पाणी घेऊन जायच्या आणि वाटेत झाडाला घालायच्या. पिंपळ जगला तशी मग बाकीचीही लावली. फिती कापायला पाहुणे आले तेव्हा त्यांचा मांडव ह्याच पिंपळाच्या सावलीत बसला होता."

मी संगमरवरी पाटी आठवून पाहिली. तिच्यावर खाणीबद्दल एक शब्दही नव्हता.

तेवढ्यात पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ हसतमुखानं जवळ आले. वरच्या नव्या इमारतींच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. बागेची देखभाल आता या समितीकडे आहे.

"नवीन दिसता. कोणाकडे उतरलात?"

मी सुमनकडे हात केला. "यांच्याकडे. खाली वाडीत."

"अच्छा, खाली." ते बोलत राहिले, अगदी गोड आवाजात. "बघा, फाटक बंद केल्यापासून बाग कशी शांत झाली. आधी खालचे लोक नुसते येजा करायचे. माशांच्या पाट्या, कपड्यांची गाठोडी. बाग म्हणजे काही रस्ता नव्हे."

"खालचे म्हणजे?" सुमननं विचारलं.

"म्हणजे… उताराच्या खालच्या बाजूला राहणारे. गैरसमज करून घेऊ नका."

"गैरसमज नाही. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते." ती उठून उभी राहिली. "आणि इथे आधी रस्ताच होता, साहेब. त्या रस्त्यानं येणाऱ्यांनी बाग केली. तुमच्या माणसांनी रेहानाचा हात बघितला का?"

"त्या अपघाताचा आणि फाटकाचा काय संबंध? रीतसर अर्ज करा."

"केलाय. चौकशी चालू आहे म्हणतात."

"मग चालू द्या की," ते म्हणाले आणि हात जोडून फिरायला निघून गेले.

मी पाहुणी होते. पाहुण्यानं यजमानाच्या गावात तोंड घालू नये, असं माझ्या आईनं मला शिकवलं होतं. पण ते 'चालू द्या की' ऐकून माझी कानशिलं तापली. परतताना वळणावर ट्रक आला आणि आम्ही दोघी दरडीला पाठ लावून उभ्या राहिलो. सुमन त्या ट्रककडे बघत म्हणाली, "मंगल, हे मी चालू देणार नाही."

रेहानाच्या पडवीत

रेहानाच्या पडवीत शिवणयंत्र कापडाखाली झाकलेलं होतं. वर एका अर्धवट ब्लाउजाच्या बाह्या. पन्नाशीची, बोलकी बाई. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली. तिनं मला सांदण खायला दिलं, फणसाचं नव्हे, नारळाच्या दुधातलं. म्हणाली, "ताई, डाव्या हातानं वाटलंय, गोड लागलं नाय तर सांगू नका." हसता हसता तिचे डोळे त्या झाकलेल्या यंत्राकडे गेले आणि ती म्हणाली, "लग्नसराई तोंडावर हाय. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की परत येत नाय."

वाडीतल्या बायका जमत गेल्या. मंदा भाटकर आली, मासे विकणारी, आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं कुलूप फोडू.

"फोडायचं नाही," सुमन म्हणाली. "फोडलं की आपण गुन्हेगार. मग ते म्हणणार, बघा, खालचे लोक."

"मंग काय पूजा करायची त्याची?" मंदा म्हणाली. "मी आज बघून आलंय त्या फाटकाला. बिजागऱ्या नुसत्या खिळ्यांवर बसवल्यात. आमच्या गोठ्याचा दरवाजा तसाच हाय. वर उचलला की आला हातात. कुलुपाला हात लावायची गरजच नाय."

 मग रेहाना हसायला लागली, मोडका हात छातीशी धरून, आणि तिच्यामागून सगळ्या.

सुमन मात्र हसली नाही. तिचा चेहरा वॉर्डात ऑपरेशनची तयारी करताना व्हायचा तसा झाला. "उचलायचं," ती म्हणाली. "पण फेकायचं नाही, लपवायचं नाही. फाटक त्यांचं आहे. वर नेऊन त्यांच्या हातात द्यायचं. दिवसाढवळ्या."

मला भीती वाटली, हे खरं आहे. परगावात, या वयात, पोलीस वगैरे झालं तर मुलगा काय म्हणेल? सुमननं ते ओळखलं. "तू खळ्यात बस. तुला ह्यात ओढायची नाही मला."

"मी नर्स आहे," मी म्हटलं. "जड उचलायची सवय आहे."

फाटक वर गेलं त्या सकाळी

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही पाखाडी चढलो. बायका फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. वाडीतले दोन-तीन पुरुष मदतीला पुढे आले, त्यांना सुमननं मागे राहायला सांगितलं. मग तिनं वॉर्डात रुग्णाला खाटेवरून उचलताना द्यायची तीच हाक दिली, "सगळ्यांनी धरलं? कंबर वाकवायची नाही, गुडघ्यातून उचलायचं. एक, दोन, तीन!"

गंजलेलं लोखंड किरकिरलं आणि फाटक खिळ्यांवरून वर आलं. दोन्ही झडपा साखळीनं बांधलेल्या, कुलूप मध्ये लोंबतंय. झडपा एकावर एक घडी घालून आम्ही ती चळत खांद्याला लावली. समोर उघडी वाट होती. रेहाना सगळ्यात आधी आत शिरली.

पुढचा चढ मला जन्मात विसरता येणार नाही. पिंपळाखालून, टिकावाच्या रेघांच्या भिंतींलगत, एकेक टप्पा चढत आम्ही ते लोखंड नेत होतो. भाजलेल्या बोटांची आग, गुडघ्यात कळ, आणि तरी मनात असा काही जोर की वाटावं, आणखी एक टेकडी असती तरी चढले असते. टप्प्यावर टेकलो की मंदा ओरडायची, "थकलंव नाय ना गो?" आणि सगळ्या म्हणायच्या, "नाय!"

फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. कोणी फोन काढून चित्रण करत होतं. वरच्या इमारतीतल्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी फाटकाला हात लावला. "मीही उचलते," त्या म्हणाल्या. "फाटक बंद झाल्यापासून माझी कामवाली तासभर उशिरा येते." कारण त्यांचं स्वतःचं होतं, पण हात खरा होता. त्या शेवटपर्यंत आमच्याबरोबर आल्या.

वरच्या फाटकावरचे पहारेकरी शिगवणमामा संगमेश्वरकडचे. आम्हाला बघून ते खुर्चीतून उठले. "ही काय भानगड हाय?"

आम्ही फाटक त्यांच्या खोलीसमोर हळूच टेकवलं. सुमन म्हणाली, "तुमचं फाटक, मामा. मोडलेलं नाही, वाकलेलं नाही. कुलूप शाबूत आहे आणि चावी तुमच्याकडेच आहे."

मामा कुलुपाकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसू आवरत होते की काय, देव जाणे.

अध्यक्ष धावत आले. ही दादागिरी आहे, हा गुन्हा आहे, असं बरंच म्हणाले. त्यांनी फोन केले, आणि थोड्या वेळानं नगरपालिकेतले बागांचं काम बघणारे एक साहेब आणि त्यांच्याबरोबर एक हवालदार आले. आम्ही कोणी हललो नव्हतो. मंदानं पाटीतून तांदळाचे घावन काढून वाटले होते, आणि पहिला घावन मामांना दिला होता.

"हे कोणी काढलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," सुमन म्हणाली.

"मी," मंदा म्हणाली, तोंडात घास असतानाच.

"मी," रेहाना म्हणाली.

साहेबांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. "तुम्ही?"

"डावा हात हाय ना, साहेब."

एकेक करून सगळ्या म्हणाल्या. माझी पाळी आली. "मी," मी म्हटलं.

"तुम्ही इथल्या दिसत नाही. गाव?"

"परभणी."

"मग तुमचा यात काय संबंध?"

मला लांबलचक काही सुचलं नाही. म्हटलं, "मी त्या पिंपळाखाली बसले आहे. कोणी आणि कसा जगवला, ते मला ठाऊक आहे. एवढा संबंध पुरे."

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, तक्रार नोंदवून घ्या."

साहेबांनी त्यांना विचारलं, "वाट बंद करायचा लेखी हुकूम कुठे आहे?"

"समितीत ठरलं होतं."

"वाट बंद करायचं समितीनं ठरवायचं नसतं." मग ते आमच्याकडे वळले. आवाज कडक होता. "पण तुम्हीही कायदा असा हातात घ्यायचा नव्हता. तक्रार आली तर मला नोंदवावी लागेल."

"नोंदवा," सुमन म्हणाली. "सगळ्यांची नावं नोंदवा. आणि त्याच कागदावर रेहानाचा हात नोंदवा. तो का मोडला, तेही नोंदवा. आम्ही सगळ्या सही करतो."

 साहेब चालत खालपर्यंत गेले, उघडी वाट बघितली, आणि नंतर मामांना रस्त्यानं, त्या वळणावरून, खाली घेऊन जायला सांगितलं. पायी. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. निर्णय होईपर्यंत फाटक वरच राहील आणि वाट उघडी राहील, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी त्यावर काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, कारण मंदानं आरोळी ठोकली होती.

हा निर्णय कायमचा नाही. मी हे लिहिते आहे तोवर वाट उघडी आहे. उद्या नवं फाटक बसेल, या वेळी पक्कं वेल्डिंग करून, असं तिकडे कानावर येतंय. सुमन फोनवर म्हणते, बसू दे, आम्हीही आहोत.

निघायच्या दिवशी

निघायच्या सकाळी रेहाना दुकान उघडायला निघाली. शिवता येत नव्हतं, तरी म्हणाली, दार उघडं दिसलं पाहिजे गिऱ्हाइकाला. मी आणि सुमन तिला सोडायला बागेतून गेलो. मंदाही पाटी घेऊन निघाली होती. पिंपळापाशी मला धाप लागली, म्हणून आम्ही बाकाकडे वळलो.

बाकावर अध्यक्ष बसले होते, एकटेच, पांढरे बूट पुढे करून. आम्हाला बघताच ते ताठ झाले. मंदाची पाटी, रेहानाचं प्लास्टर, मी, सुमन, असं एकेकीकडे बघून ते उठायला लागले.

सुमननं हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"उठू नका, साहेब," ती म्हणाली. "बसा. बाग सगळ्यांची आहे."

ते क्षणभर तसेच अर्धवट उठलेले राहिले. मग बाकाच्या टोकाशी सरकले आणि बसले. उरलेल्या जागेत आम्ही चौघी दाटीवाटीनं बसलो. मंदानं माशांची पाटी बरोबर मधोमध ठेवली.